आधी सत्कार, मग निधी

सरकारी खर्चाने परदेशी शिकायला जायचं असेल, तर घरात आधी थोडा पैसा असावा लागतो. हे कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेलं नाही. पण ज्यांच्या घरातलं पोर या वाटेने गेलंय त्यांना विचारून पाहा. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांच्यासाठीच योजना आहे, हे शंभर टक्के खरं. ती सुखरूप पार पाडायची तर मात्र पैसा असलेला बरा.

आमच्या कॉलनीतल्या एका एसटी कंडक्टरच्या मुलाला राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची ही योजना. अख्ख्या महाराष्ट्रातून वर्षाला 75 जागा. त्या पंच्याहत्तरात नाव लागणं ही काही चेष्टा नाही. पोरगं हुशार आहे, लंडनच्या नावाजलेल्या विद्यापीठाने त्याला एम.एस्सी.ला बोलावलंय, त्याबद्दल आमचा काडीचाही वाद नाही. वाद आहे तो पुढच्या गमतीबद्दल.

अर्ज करायचा तर तहसीलदारांची खात्री पटवायची की आमच्या घरात फारसं काही नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत. दाखला, फॉर्म सोळा, वडिलांचं शपथपत्र. त्याच आठवड्यात तिकडच्या विद्यापीठाची आणि व्हिसावाल्यांची खात्री पटवायची की आमच्या घरात भरपूर आहे. कारण विद्यापीठाला जागा धरून ठेवण्यासाठी काही हजार पौंड अनामत हवी, आणि सरकारची निवडयादी लागलेली नसल्याने व्हिसासाठी बँकेत रोख दिसायला हवी. ब्रिटनचा नियम असा, की ती रक्कम खात्यात सलग 28 दिवस बसून राहिली पाहिजे. मग आईच्या पाटल्या आणि गंठण बँकेत गेलं, गोल्ड लोनचे पैसे खात्यात आले आणि तिथे अठ्ठावीस दिवस नुसते बसून राहिले. व्याज मात्र बसून राहिलं नाही. ते रोज चालत होतं.

एसटी स्टँडसमोरच्या एकाच झेरॉक्सच्या दुकानात या दोन्ही फायली तयार झाल्या. एकीत कंडक्टर गरीब होता, दुसरीत खाऊनपिऊन सुखी. दोन्ही फायलींतली कागदपत्रं खरी होती, हे विशेष. दुकानदाराने दोन्हींना सारखाच दर लावला. संपूर्ण प्रक्रियेत समतेचं तत्त्व पाळणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस.

आता यादीचं. तिकडचे वर्ग सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतात. हे गुपित नाही, विद्यापीठं वर्षभर आधी जाहीर करतात. आपली यादी कधी लागते हे मात्र ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. फोन केला की उत्तर येतं, ‘फाईल वर गेली आहे.’ वर म्हणजे किती वर, ते विचारायचं नसतं. मुलगा ऑगस्टभर सकाळी उठला की आधी समाजकल्याणचं संकेतस्थळ उघडायचा आणि मग दात घासायचा. विद्यापीठाने तोवर दोन स्मरणपत्रं पाठवली. गणपती बसले, त्याची यादी लागली नाही. गणपती उठले, यादी लागली. पोरगं वर्ग सुरू झाल्यावर बाराव्या दिवशी लंडनला पोचलं, आणि सगळ्यांनी म्हटलं, नशीबवान आहे.

नशीबवान आहेच. 2025च्या जुलैमध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत 106 जणांची निवड झाली आणि हंगामी मंजुरीपत्रं पहिल्यांदा चाळीस जणांनाच मिळाली. उरलेल्या 66 जणांना कळवण्यात आलं, की निधी उपलब्ध झाला तर बघू. म्हणजे निवड पक्की, गुणवत्ता पक्की, देश पक्का. फक्त पैशाचं तेवढं बघू. एकशे सहा पानं वाढायची, चाळीस पानांवर वरण-भात घालायचा आणि बाकीच्यांना सांगायचं, बसून राहा, तांदूळ आणायला माणूस गेलाय. पंगत उठवली नाही, हेही उपकारच समजायचे.

याच केंद्रीय योजनेत 2022 साली आणखी एक सुधारणा झाली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतातलं समाजजीवन, असल्या विषयांवर संशोधन करायला परदेशी जायचं नाही, अशी अट आली. कारण असं, की या विषयांची साधनं इथे मुबलक आहेत. साधनं मुबलक आहेत यात शंका नाही. जात म्हणजे काय याचं प्रात्यक्षिक कोलंबिया विद्यापीठापेक्षा आपल्या तालुक्यात केव्हाही चांगलं होतं, आणि त्याला शिष्यवृत्तीही लागत नाही. फक्त ‘भारतातील जाती’ या विषयावरचा निबंध 1916 साली एका मराठी विद्यार्थ्याने न्यूयॉर्कमध्ये वाचला होता, तो आजच्या नियमात बसला नसता, एवढंच.

त्या विद्यार्थ्याचा विषय निघालाच आहे तर तारखा बघा. सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. 1913च्या जूनमध्ये करार झाला आणि जुलैमध्ये माणूस न्यूयॉर्कला पोचलासुद्धा. बोटीने. ई-मेल नाही, पोर्टल नाही, ओटीपी नाही. संस्थानी कारभाराची फार आरती ओवाळायचं कारण नाही. करारात दहा वर्षं बडोद्याची चाकरी होती, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं, आणि त्याच बडोद्यात राहायला कुणी खोलीसुद्धा दिली नाही. पण करार झाल्यापासून वर्गात बसेपर्यंतचा वेळ बघितला, तर आपण एकशे दहाहून अधिक वर्षांत नक्की कुठल्या दिशेने डिजिटल झालो, असा प्रश्न पडतो.

यादी लागली त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता चौकात फ्लेक्स लागला. शासनाला जे काम सहा महिन्यांत जमलं नाही ते भावी नगरसेवकाने तीन तासांत करून दाखवलं. फ्लेक्सवर वर सात नेते, डावीकडे शुभेच्छुक, उजवीकडे शुभेच्छुक, खाली मित्रमंडळ, आणि कोपऱ्यात पासपोर्टच्या आकारात आमचा विद्यार्थी. लंडन पार्श्वभूमीला होतं, पण घड्याळाच्या मनोऱ्यापुढे नेमके साहेब उभे राहिल्याने किती वाजले ते दिसत नव्हतं. चार दिवसांत पाच सत्कार झाले. पाच शाली, पाच नारळ, तीन फ्रेम केलेल्या तसबिरी. विमानात सामानाची मर्यादा 23 किलो, तेव्हा हे सगळं कंडक्टरसाहेबांच्या माळ्यावर गेलं. प्रत्येक वक्त्याने सांगितलं, की हा मुलगा आमच्याच अंगाखांद्यावर वाढला. कंडक्टरसाहेब सगळ्यांकडे नीट बघत होते. बहुतेक ओळखायचा प्रयत्न चालला होता.

आणि मग आला जामीन. एवढी रक्कम देताना सरकार कागद करून घेतं आणि दोन जामीनदार मागतं. शिक्षण अर्धवट सोडलं तर वसुली कुणाकडून करायची, हा रास्त प्रश्न आहे. त्यात आम्हाला काही गैर वाटत नाही. गंमत पुढेच. दुसऱ्या सत्कारात सव्वा तास बोललेले निवृत्त प्राचार्य सकाळी दूध आणायला जाताना रस्त्यात भेटले. कंडक्टरसाहेबांनी विषय काढला. सरांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाले, “पोराचा अभिमानच आहे हो मला. पण सहीचं आमच्या हिच्याशी बोलावं लागेल.” हिच्याशी बोलणं आजतागायत चालू आहे. भावी नगरसेवक म्हणाले, “माझ्या नावावर काहीच नाही हो, सगळं घरच्यांच्या नावावर.” फ्लेक्सवर सत्तावीस शुभेच्छुक होते. त्यांतला एकही तहसील कचेरीच्या पायऱ्या चढायला मोकळा नव्हता. शेवटी सह्या केल्या त्या त्याच डेपोतल्या एका मेकॅनिकने आणि मुलाच्या मामाने. यांपैकी कुणाचाही फोटो फ्लेक्सवर नव्हता.

पोरगं आता लंडनमध्ये आहे. ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला 9,900 पौंड. महिन्याला 825 पडतात. लंडनमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला निदान 1,483 पौंड लागतात, असा हिशेब खुद्द ब्रिटिश सरकारने 2025च्या सुरुवातीला व्हिसासाठी घालून दिला होता. दोन सरकारांत साडेसहाशे पौंडांचा मतभेद होता, आणि तो पोराने चार जणांत एक खोली घेऊन मिटवलाय. बरं, जास्तीचं कमवावं म्हटलं तर तिथेही शासन जागं आहे: केंद्राच्या योजनेत विद्यापीठात शिकवण्या-संशोधनाचं काम करून वर्षाला 1,560 पौंडांपर्यंत मिळवण्याची मुभा, त्यावर गेलं की भत्त्यात कपात. दलिताचं पोर लंडनला जाऊन एकदम श्रीमंत होऊ नये, याची काळजी कुणीतरी घ्यायलाच हवी ना.

आमच्या पोराचा पहिला हप्ताही लगेच आला नाही. डिसेंबरात त्याने आईला फोन करून विचारलं, पाटल्या सुटल्या का? ती म्हणाली, सुटल्या. सुटल्या नव्हत्या.

पुढच्या वर्षीची यादी लागेल तेव्हा चौकाचौकांत पुन्हा मंडप पडतील, म्हणून आयोजकांना आत्ताच विनंती. हार, शाल, तसबीर काही आणू नये. प्रत्येक मंडळाने दोन पदाधिकारी जामीनदार म्हणून पाठवावेत. येताना आधार कार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणावेत. मूळ प्रती पडताळणीसाठी लागतील. भाषण करायचं असल्यास सही झाल्यावर करावं.