घासलेला पाव आणा

आमच्या गावाला दोन नावं आहेत. गावात शिरलात की श्रीरामपूर. रेल्वेचं तिकीट मात्र मी लहानपणापासून बेलापूरचंच काढत आलो. नाण्यांच्या धंद्यात एका नाण्याचं तोंड आणि भलत्याच नाण्याची पाठ चुकून जुळून आली, की त्याला 'म्यूल' म्हणतात, म्हणजे खेचर. अशा नाण्याला भाव भरपूर येतो. गावाला अजून कुणी बोली लावलेली नाही.

मला नाण्यांचा नाद लागला तो आजीच्या डब्यापायी. माळ्यावर वनस्पती तुपाचा एक गंजका डबा होता. आत साठ-सत्तर तांब्याचे पैसे, दोन सुपाऱ्या आणि एक मोडका अडकित्ता. आजोबा मनमाडकडे जाताना पुणतांब्याजवळच्या पुलावर गाडी आली, की गोदावरीत पैसा टाकायचे. आजी मात्र निघण्याआधीच त्यांचा खिसा हलका करून ठेवायची. म्हणजे डब्यातला सगळा ऐवज ही गंगामाईची थकबाकी.

डब्याची गोष्ट मी चहाच्या टपरीवर एकालाच सांगितली. संध्याकाळी गल्लीतले एक काका वाटीत तांदूळ घेऊनच दारात उभे. "ओढतो का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. कंपनी सरकारच्या काळातला अमुक पैसा तांदूळ ओढतो, त्यावर वीज पडलेली असते आणि परदेशातले लोक त्याचे कोटी-कोटी रुपये मोजतात, अशी थाप मारून देशभर कितीतरी जणांना गंडवलं गेलं आहे. तांब्याला साधं लोहचुंबकही ओढत नाही, ते तांदूळ काय ओढणार? पण आम्ही वाटी ठेवून दहा मिनिटं वाट बघितली. तांदूळ जागचे हलले नाहीत. काका जाताना ते परत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी एक जण रुमालात गुंडाळून रामदरबाराचं नाणं घेऊन आला. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि पायाशी मारुती; दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, साल 1818. रामनवमीच्या यात्रेच्या गावात अशा नाण्याला नाही कसं म्हणायचं? पण ज्या साली पेशवाई बुडवली, त्याच साली कंपनीला रामाची एवढी आठवण यावी? असलं नाणं कंपनीने पाडलेलं नाही. हे मागाहून तयार केलेलं देवाचं टोकन. कंपनीने मुंबईच्या तांब्याच्या पैशावर काढला होता तराजू, आणि तिचा एकंदर व्यवहार बघता तेच चित्र खरं. मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, "तुम्हाला घ्यायचं नसेल तर नका घेऊ, पण देवाला खोटं म्हणू नका."

मग मी पुस्तकं आणली. खरी मजा 1835 च्या पाव आण्यात आहे. रुपयाचे चौसष्ट पैसे होते तेव्हाचा हा पैसा, वजन साधारण साडेसहा ग्रॅम. एका बाजूला दोन सिंहांमध्ये कंपनीची ढाल, दुसऱ्या बाजूला पानांची माळ. नंतरही बरीच वर्षं नाणी पाडली, पण साल तेच ठेवलं. म्हणून जाणकार माणूस साल बघतच नाही. भिंगातून माळेवरची पानं आणि फळं मोजतो. 1858 च्या पैशावर तर माळेच्या टोकाला एक पान की दोन, यावर भांडणं होतात. मी महिनाभर पानं मोजली. घरातल्या मेथीच्या जुडीची मी इतकी विचारपूस कधी केली नव्हती.

त्यात एक पैसा निघाला अगदी कोरा. प्रत्येक पान सुटं आणि रंग थेट चॉकलेटी. हा रंग म्हणजे दीडशे वर्षांची साय. धंद्यात सगळे पैसे त्या सायीचे. मी पुण्याच्या नाणेप्रदर्शनाला निघालो. आदल्या रात्री सगळे निवडक पैसे ताटलीत काढून ठेवले.

सकाळी ताटली लखलखत होती. आईने चिंच-मीठ लावून एकेक पैसा घासला होता, वर रांगोळीने उजळवला होता.

"अगं, हे काय केलंस?"

"मग काय काळेमिट्ट पैसे चारचौघांत मांडणार होतास? लोक म्हणतील, यांच्या घरात चिंचही नाही."

पुण्याच्या व्यापाऱ्याने भिंग लावलं, पैसा फिरवला आणि मान हलवली. "पीस छान होता हो," तो म्हणाला. त्यातला 'होता' मला अजून ऐकू येतो. मग म्हणाला, "बाकीचा कॉमन माल किलोवर देता का?" किलोला दीडशेच्या आसपास पैसे बसतात. माझ्याकडे अर्धा किलोही भरत नव्हता. मी नाही म्हणालो. अब्रू राहिली, बाकी काही नाही.

उठताना त्याने सहज विचारलं, "भोकाचे आहेत का?"

युद्धात धातूची टंचाई पडली, तेव्हा 1943 पासून 1947 पर्यंत सरकारने मधोमध भोक पाडून पैसा काढला. साल, टांकसाळ, मुकुटाचा आकार असे त्यातही भेद आहेत. आणि आमच्याकडे ते होते. आजोबांनी गोठ्याच्या पत्र्यांचे बोल्ट कसताना वॉशरच्या जागी बारा पैसे घातले होते. वॉशर महाग पडायचा.

घरी आल्या आल्या शिडी लावून वर चढलो. बाराही पैसे जागेवर आहेत. वर फुलापानांची माळ दिसते. मुकुट, साल सगळं खालच्या बाजूला, पत्र्याला चिकटलेलं. नट सोडल्याशिवाय वाचता येत नाही, आणि नट सोडायला आई तयार नाही. ती म्हणते, गेल्या पावसाळ्यात सगळं घर गळलं, गोठा तेवढा गळला नाही.