एक हजार ओहमचा रुग्ण

वैद्यकीय उपकरणांची विद्युत-सुरक्षा तपासणारे हातात मावणारे यंत्र निवडणे हा वरकरणी तांत्रिक निर्णय असला, तरी पुण्याच्या पेठांमधील मध्यम आकाराच्या रुग्णालयांत त्याला बैठकीचे स्वरूप येते. कारण तेथे भूलतज्ज्ञ, हिशेबनीस, देखभालीचा इंजिनिअर आणि इमारतीचे वायरिंग स्वतःच्या हातचे असल्याचे ठामपणे सांगणारा वायरमन असे चार पक्ष हजर असतात, आणि पहिले तिघे अखेरीस चौथ्याचे ऐकतात. वायरमनचे म्हणणे सहसा असे असते की, विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत टेस्टर मिळत असताना लाखाच्या घरातले यंत्र हवे कशाला.

हा युक्तिवाद दिसतो तितका पोकळ नाही. खिशातल्या टेस्टरचा दिवा लागतो तोच मुळी वायरमनच्या अंगातून अत्यल्प प्रवाह जमिनीकडे गेल्यामुळे. म्हणजे येथे तपासनीस स्वतःच मोजपट्टी झालेला असतो, फक्त तिच्यावर आकडे नसतात. रुग्णालयाला नेमके ते आकडेच हवे असतात. निर्दोष उपकरणातूनही, त्याच्या तारा आणि फिल्टरमधील कपॅसिटर यांच्यामार्फत, थोडा प्रवाह बाहेरच्या धातूकडे झिरपतच असतो. त्याला गळती प्रवाह म्हणतात आणि प्रश्न तो आहे की नाही हा नसून किती आहे हा असतो. हृदयाशी थेट जोडता येणाऱ्या भागांना आयईसी ६०६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने सीएफ हा वर्ग दिला असून, सामान्य स्थितीत अशा भागातून रुग्णाकडे जाणाऱ्या गळतीची मर्यादा १० मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा एक लाखावा भाग, इतकी ठेवली आहे. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा याच्या सुमारे चार हजार पट प्रवाह घेतो. ही गळती मोजण्यासाठी तपासणी यंत्रात रुग्णाच्या जागी मुख्यतः एक हजार ओहमचा रोध बसवलेला असतो. तो तक्रार करत नाही आणि विम्याचे कागदही मागत नाही, त्यामुळे रुग्णालयाला त्याच्याइतका आदर्श रुग्ण दुसरा लाभणे कठीण.

या यंत्रांच्या भरभराटीमागे विज्ञानाइतकीच भीतीही होती. १९७१ साली अमेरिकेत ग्राहक-चळवळीचे कार्यकर्ते राल्फ नेडर यांनी, दरवर्षी किमान १,२०० रुग्ण विजेच्या धक्क्याने दगावतात, असे एका महिला-मासिकात लिहिले. त्या आकड्याला भक्कम पुरावा पुढे मिळाला नाही, पण रुग्णालयांनी तपासणीची यंत्रे आणि ती चालवणारी माणसे मात्र भराभर घेतली. आकडा निराधार, खरेदी उपयोगाची, असा हा योग अर्थशास्त्रात विरळाच म्हणावा लागेल.

निवडीचा खरा मुद्दा वजनाचा आहे. कारखान्यातील तपासणीत अर्थिंगची जोडणी २५ अँपिअर प्रवाहाने तपासतात आणि एवढा प्रवाह देणारा ट्रान्सफॉर्मर जड असतो. मात्र वापरातील उपकरणांच्या नियतकालिक तपासणीसाठी २००७ मध्ये आलेल्या आयईसी ६२३५३ या मानकाने किमान २०० मिलिअँपिअर पुरेसे मानले, आणि म्हणूनच यंत्र हातात मावू लागले. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात जड यंत्र दोनदा नेले जाते, एकदा उद्घाटनाच्या दिवशी आणि एकदा मानांकनाचे तपासनीस येणार असतात त्या आठवड्यात. शिवाय ईसीजीच्या सर्व तारा एकाच वेळी जोडता येतील इतकी टोके यंत्राला आहेत का आणि नोंदी त्यात साठतात का, हेही पाहावे लागते. रंगीत पडद्याचा विचार हिशेबनीसावर सोडला तरी चालतो. तपासणारे हे यंत्रही ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशनला, म्हणजे प्रमाणित यंत्राशी ताडून पाहण्यासाठी, पाठवावे लागते, आणि हा आवर्ती खर्च दरपत्रकात सहसा अतिशय विनयाने, शेवटच्या ओळीत लिहिलेला असतो.

एक गोष्ट मात्र महागातले यंत्रही आपणहून सांगेल असे गृहीत धरू नये. अर्थिंगची चाचणी उपकरणाच्या प्लगमधील मोठ्या पिनेपासून त्याच्या धातूच्या अंगापर्यंतचा रोध मोजते, आणि तो केबलसह ०.३ ओहमच्या आत असला की उपकरण पास होते. पण ती पिन ज्या भोकात जाते त्यामागे तार आहे की केवळ गिलावा, हा प्रश्न या चाचणीच्या कक्षेत येत नाही. उपकरण पास आणि भिंत नापास, असा निकाल जुन्या इमारतींत संभवतो, आणि तेथे वायरमनचे ठाम मत पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

तेव्हा दरपत्रके मागवण्यापूर्वी रुग्णालयाने आपल्या उपकरणांवरची वर्ग सांगणारी चिन्हे एकदा पाहून घ्यावीत: नुसती मनुष्याकृती असेल तर बी, चौकोनातली मनुष्याकृती बीएफ आणि चौकोनातले हृदय सीएफ. हृदयाचे चिन्ह कोठेच नसेल तर साधे यंत्र पुरते; एक जरी सापडले, तरी एकेक मायक्रोअँपिअर विश्वासाने मोजणारेच घ्यावे.