नाव घातलेले नाणे

उत्साही : ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयातील सुवर्णनाण्यावर सम्राटाचे नाव ठळक अक्षरांत असतानाही तो सम्राट होऊन गेला हे मान्य करावयाचे नाही, असाच आपला हट्ट आहे काय?

संशयी : नाव ठळक आहे, याविषयी वाद नाही, परंतु रोमन नाण्याच्या दर्शनी बाजूवर, म्हणजे जिच्यावर मुखवटा असतो त्या बाजूवर, सम्राटाचे नाव बहुधा प्रथमेत येते, आणि येथे मात्र ‘स्पॉन्सियानी’ अशी षष्ठी आहे, म्हणजे ‘सम्राट स्पॉन्सियानसचे’. एवढाच मजकूर स्टीलच्या वाटीवर असता, तर शेजाऱ्यांची वाटी परत करावयाची राहून गेली आहे, यापलीकडे कोणी अनुमान काढले नसते.

उत्साही : वाटीची गोष्ट वेगळी. हे नाणे 1713 साली ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रुमानियात, सापडल्याची नोंद असून त्याचे वजन 11.31 ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून किंचित कमी आहे, आणि खोटे नाणे पाडणारा मनुष्य एवढे सोने खर्ची घालील हे संभवत नाही.

संशयी : ‘पाडणारा’ हा शब्दच येथे चुकतो. रोमन टाकसाळीत नाणे पाडीत, म्हणजे दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून वरून हातोड्याचा घाव घालीत. हे नाणे मात्र साच्यात ओतलेले आहे. ज्याचे नाव षष्ठीत, अंग ओतीव आणि वजन सम्राट ऑगस्टसच्या ऑरियसपेक्षा, म्हणजे सुमारे 8 ग्रॅमच्या सुवर्णनाण्यापेक्षाही अधिक, त्याची गणना भांड्यांत करणेच शास्त्राला धरून होईल.

उत्साही : ओतण्यालाही कारण आहे. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात डेशिया हा सोन्याच्या खाणींचा प्रांत रोमपासून तुटला, तेव्हा तेथील सेनानीने सत्ता हाती घेऊन, मिळेल त्या कारागिराकडून आणि स्थानिक सोन्यातून ही नाणी करवून घेतली असावीत, असे संशोधक पॉल पीअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली मांडले आहे.

संशयी : आणि त्या कारागिराने मागील बाजूसाठी जो नमुना घेतला, तो इ. स. पू. 135 च्या सुमाराच्या चांदीच्या डेनेरियसचा, म्हणजे त्याच्या आधी चारशे वर्षांचा. शिवाय त्यावरील ‘सी ऑग’ ही अक्षरे ऑगस्टस या सम्राटपदवीची नसून, गायस मिनुसियस ऑगुरिनस या नाणी पाडून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाची आहेत. एकाच भांड्यावर दोघांची नावे निघाली, म्हणजे एक तर ते जुन्या बाजारातून आलेले असते, नाहीतर तो फिरवलेला आहेर असतो.

उत्साही : विनोद पुरे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या झोताने पृष्ठभाग न्याहाळणाऱ्या यंत्राखाली, नाणी हातोहात फिरल्याने पडणारे बारीक चरे दिसले, आणि त्यांच्यावर खनिजांनी घट्ट धरलेला मातीचा थर आढळला. म्हणजे नाणे आधी वापरात होते आणि नंतर दीर्घकाळ पुरलेले होते.

संशयी : चरे आणि माती यांवरून वापरले आणि पुरले एवढे कळेल, कोणाच्या राज्यात वापरले, ते चऱ्यांवर लिहिलेले नसते. पितळेच्या पातेल्यालाही चरे पडतात. म्हणून त्याच्या धन्याला कोणी गादीवर बसवीत नाही.

उत्साही : पातेले, वाटी, आहेर! आंरी कोएन या फ्रेंच नाणकशास्त्रज्ञाने, म्हणजे नाण्यांवरून इतिहास लावणाऱ्या अभ्यासकाने, 1868 साली ही नाणी भिकार आधुनिक बनावट ठरवली, आणि पुढे दीडशे वर्षे बहुतेक विद्वान तेच वाक्य गिरवीत राहिले. याला साक्षेप म्हणावे की आळस?

संशयी : आळस म्हणावे, आणि पुन्हा तपासणी केली याबद्दल पीअरसन यांचे आभारही मानावेत. परंतु आळसाने दिलेला निकाल केवळ तेवढ्याने खोटा ठरत नाही. प्राचीन ग्रंथांत या सम्राटाचा कोठेही उल्लेख नाही. म्हणून सम्राट होता, कारण नाणे खरे, आणि नाणे खरे, कारण सम्राट होता, अशी प्रदक्षिणा चालू आहे.

उत्साही : रोममधल्या एका शिलालेखात स्पॉन्सियानस हे नाव आहे, आणि तो लेख 1720 च्या दशकात, म्हणजे नाण्याच्या नोंदीनंतर, उजेडात आला. 1713 च्या आधी हे नाव बनावट करणाऱ्याला स्वप्नात दिसले होते काय?

संशयी : हा प्रश्न मात्र बोचतो. तरीही त्या लेखाने फार तर या नावाचा मनुष्य सिद्ध होतो; सिंहासन अजून रिकामेच राहते.

उत्साही : मग हे नाणे बनावटांच्या खणात ठेवावे की सम्राटांच्या रांगेत, एवढे तरी स्पष्ट सांगावे.

संशयी : दोन्हीकडे नको. ज्याचे त्याला पोचते करावे. नाव घातलेलेच आहे.