मंजूर भार

लाईटबिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर बिलात मी दोनच गोष्टी बघायचो, रक्कम आणि शेवटची तारीख. भार आधी मंजूर करून घ्यायचा असतो, ही कल्पनाच नवी. संसारात तो विचारून कोण टाकतं?

विजेवरची गाडी घ्यायचं ठरलं आणि चार्जरची जागा बघायला वायरमन आला. मीटर बघून म्हणाला, “घरात काय काय चालतं?” मी बिचकलो. मग तो म्हणाला, “लाईटवर हो.”

यादी केली. गीझर २००० वॅट, दीड टनाचा एसी १५००, मायक्रोवेव्ह १२००, इस्त्री १०००, मिक्सर ७५०. चोवीस तास उभा असलेला फ्रिज मात्र दीडशेत भागवतो. आई म्हणाली, “देवघरातला झिरोचा बल्ब लिही.” तो झिरोचाही पंधराएक वॅट खातो म्हणे! वॉशिंग मशीन, पंप, पंखे धरून बेरीज गेली साडेसात हजारांच्या वर. बिलावर मंजूर होते ४ किलोवॅट.

“घाबरू नका,” वायरमन म्हणाला, “एका वेळी काय चालतं तेवढंच बघायचं.”

म्हणजे सकाळचे साडेसहा. लेकाचा गीझर, माझी इस्त्री, हिची चटणी : ३७५०. आम्ही रोज काठावरून जात होतो आणि पडत नव्हतो, कारण आई. “मिक्सर चालू आहे, इस्त्री थांबव”, “गीझर बंद केला का?” हा घोष मी तीस वर्षं कटकट म्हणून ऐकला. परदेशात म्हणे मेन वायरीला एक कडं अडकवतात. घरातला भार वाढला की ते चार्जरला आपोआप हात आखडायला लावतं. आमच्याकडे ते कडं सोफ्यावर बसून भाजी निवडतं.

मला भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा, ऐटबाज चार्जर हवा होता. वायरमनने हिशेब मांडला : २३० व्होल्टवर सुमारे ३१ अँपिअर. साडेतीन गीझर एकदम, तेही तासन्‌तास. गीझर पंधरा मिनिटांत थांबतो, मिक्सर दोन मिनिटांत. हा थांबतच नाही, म्हणून वायर तापते. मीटरपासून वेगळी जाड लाईन, तिचा स्वतंत्र एमसीबी आणि धड अर्थिंग हवंच. अर्थिंगचा खड्डा शोधला, तर त्यावर आईची जास्वंद. मी ओशाळलो, तो खूश. “रोज पाणी पडतंय, हेच पाहिजे.”

मग त्याने सहज विचारलं, “रोज किती चालवता?” पस्तीस किलोमीटर. एका युनिटला सातेक किलोमीटर धरले, तर पाच युनिटं. १५ अँपिअरच्या प्लगवरचा ३.३ किलोवॅटचा साधा चार्जर ती दीड-दोन तासांत भरतो. माझी ऐट तिथेच उतरली. तरी मे महिन्यात रात्री एसी आणि गाडी मिळून ४८०० होतातच. भार वाढवून घेणं आलं.

अर्ज भरायला बसलो. किती लिहू म्हणून विचारात पडलो, शेवटी ६ लिहिले. आईने चष्म्यावरून डोकावून पाहिलं.

“आठ लिही,” ती म्हणाली, “दिवाळीत पाहुणे असतात.”