जुन्या जीपचा जीर्णोद्धार

जुन्या जीपचा जीर्णोद्धार हा मुख्यतः आधीच्या मालकांनी केलेल्या दुरुस्त्या मोडीत काढण्याचा उद्योग आहे. बंगळुरूत तो नांदायला कारणं आहेत: गाव छावणीचं, कोडगू-चिक्कमगळूरचे कॉफीमळे फार लांब नाहीत, आणि दिवसभर संगणकापुढे बसून हात काळे करायला आसुसलेली मंडळी मुबलक. मळ्यातल्या शेडमध्ये, पोत्यांखाली, कोंबड्यांच्या ताब्यात गेलेली जीप सापडली की ‘फक्त बॅटरी उतरलीय’ असं मालक सांगतो. बॅटरी नसतेच.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली आणि पुढे ती घडण इथेच रुजली, म्हणून सुटे भाग आजही हाती लागतात. त्यासाठी जे. सी. रोड किंवा शिवाजीनगरची गुजरी पालथी घालावी लागते. (पुणेकरांनी हुरळून जाऊ नये, हे शिवाजीनगर वेगळं.) तिथला दुकानदार ढिगात हात घालून, न बघता, नेमका हवा तो गिअर बाहेर काढतो. भाव तो गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून ठरवतो.

इंजिनाचं प्रकरण अधिक नाजूक. मूळचं २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन फार पितं म्हणून कुणीतरी केव्हाच डिझेल बसवलेलं असतं. हे डिझेल बिचारं चालू असतं. ते उतरवायचं आणि सुरू न होणारं, पण अस्सल इंजिन मिळवून बसवायचं, ही शास्त्रशुद्ध पद्धत.

खरी मजा रंग खरवडताना. वर झगझगीत लाल, त्याखाली बोटभर पुट्टी, त्याखाली शेवाळी हिरवा, आणि नशीब असेल तर लष्करी क्रमांकाचा एखादा पुसट पांढरा आकडा. मालक त्या आकड्याकडे बघत बसतो. पत्रेवाला तेवढ्यात चहा पिऊन येतो. फोर्डच्या जीपमध्ये बोल्टच्या डोक्यावर ‘एफ’ अक्षर कोरलेलं असे. तसा बोल्ट विलीजच्या जीपमध्ये निघाला, तर शुद्धतावाद्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. दोन्ही गाड्यांचे भाग एकमेकींना बसावेत अशीच सैन्याची अट होती, हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

युद्धकाळातल्या जीपचे पुढचे दिवे बिजागरीवर असतात आणि मागे उलटवता येतात, म्हणजे उजेड थेट इंजिनावर पडतो. रात्री-अपरात्री बॉनेट उघडावं लागणार, याची रचनाकारांना पुरती कल्पना होती.

शेवटी कागदपत्रं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला २० हजार रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. अट अशी की चॅसीस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. चालू डिझेल का काढलं, ते घरच्यांना इथे कळतं. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर न्यायची. दुरुस्तीला मुभा असल्यामुळे जीप जवळजवळ रोज बाहेर असते.