दळण फुकट, पट्टी आधी

आवं वहिनी, खरं का हे? तुमचे दीर गावाकडं सरपंचकीला उभारणार म्हणं! लपवता काय, बाजारात दोघींनी इचारलं मला. या, भिंतीजवळ या, सगळ्या गल्लीला कशाला ऐकवायचं.

उभारू द्या की. शेतकऱ्यानंच उभारावं. आमचे मामंजी न्हवते का मेंबर? पेरणी टाकून कधी मीटिंगला गेले न्हाईत अन् मीटिंगपायी पेरणी चुकली असंबी झालं न्हाई. पंचायत समितीत काम निघालं की एसटीनं कळंबला यायचे, तिकीट खिशातलं. सासूबाई बोलायच्या, मामंजी उतरल्या तोंडानं ऐकायचे.

पण खरा गडी बघायचा तर पाटोद्याचे भास्करराव पेरे पाटील. न्हाई हो, बीडचं पाटोदा न्हवं! हे संभाजीनगरला वाळूजच्या कारखान्यांजवळ. माणूस शेतकरी, बोलणं आपल्यासारखंच रांगडं, अन् गावचा कारभार 25 वर्षं हातात होता. आमचे हे मोबाइलवर त्यांची भाषणं लावून पोट धरून हसतात. माझं चित्त मातर त्या गिरणीवर. घरपट्टी, पाणीपट्टी सगळी भरली की दळण फुकट!

आता तुम्हीच बघा, पट्टी थकवतं कोण? घरातला बाप्या. बघू पुढल्या साली, म्हणतो. अन् दळणाचा डबा कुणाच्या डोक्यावर? आपल्या. फुकटचं दळण डोळ्यासमोर असलं की बाई त्याला सुखानं जेवू देते व्हय? पट्टी भरूनच घरात या म्हणंल. गिरणीचा खर्च पंचायतीच्या अंगावर पडतो खरा, पण थकबाकी राहत न्हाई, अन् हातात पैका आला की नाल्या निघतात, दिवे लागतात. तिथं अंघोळीला गरम पाणी मिळतं, प्यायचं शुद्ध पाणी वेगळं, अन् वापरायच्या पाण्याला मीटर. आपल्याकडं मीटरचं नाव काढून बघा, लोक अंगावर येतील! मांजरा नदी उशाला, तिच्यावरचं धनेगावचं धरण जवळ, तरी 2016 ला धरण कोरडं पडून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. इसरले सगळे. मला तर वाटतं, गिरणीचं ज्याला सुचलं त्यानं कधीतरी बायकोचं ऐकलं असणार.

अन् एवढं करून 2021 ला काय झालं ठाऊक हाय का? पेरे पाटील सोता उभारले न्हाईत, लेक उभारली, ती पडली. गाव उपकार इसरलं म्हणून कितीजण हळहळले. मला न्हाई तसं वाटत. 25 वर्षांत एक पिढी वाढली. ज्या पोरांनी गावात घाण बघितलीच न्हाई, त्यांनी स्वच्छतेपायी मत का द्यावं? अन् गावचा कारभार काय सातबारा हाय का, बापामागं लेकीच्या नावावर फेर धरायला? गिरणीवरच्या बायांनी मत द्यायच्या येळी आपापलं डोकं चालवलं, हे बरंच झालं म्हणते मी.

आपल्या जिल्हा परिषदेचं मातर उलटं झालं. 2022 ला मुदत संपली तर पुढं वर्सानुवर्सं प्रशासक. मत द्यायलाच मिळत न्हवतं, मग पाडणार कुणाला?

ते जाऊ द्या. तुमच्या दिरांना आधी सांगा, घरपट्टी भरून पावती जपून ठेवा म्हणावं. बिल आल्यावर तीन म्हयन्यांत पट्टी भरली न्हाई की उमेदवारीवर बोट ठेवतात. संडास असून चालत न्हाई, वापरावाबी लागतो. अन् जागा बाईसाठी सुटली तर जाऊबाईंचं नाव लावून खुर्चीवर आपण बसू, हे मनातून काढा म्हणावं; 2011 पासून निम्म्या जागा बायांच्या हायत, अन् तुमच्या जाऊबाई कुणाला खुर्ची देणाऱ्यातल्या न्हाईत.

अजून एक. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं लेकरू झालं असलं तर उभारताच येत न्हाई. त्यांचं धाकटं कवाचं हो, वहिनी? 2003 चं न्हवं?