पंखा लावू नका, शिखर चढतंय

पोराच्या वाढदिवसाच्या निमित्ताने ब्लॉकचं खोकं आणायचं, पोराला वरचं पुठ्ठ्याचं झाकण खेळायला द्यायचं आणि आतल्या मालावर आपण बसायचं, असा एक गृहस्थ जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांमधून हटकून सापडतो. नोकरी बँकेत किंवा पाटबंधाऱ्यात, वय चाळिशीपार, आणि टीपॉयवर अर्धवट चढलेलं पाटणादेवीचं मंदिर. ब्लॉक आकारवार लावलेले असतात ते कुरडया-पापडांच्या डब्यांत, त्यामुळे उन्हाळी कामं निघाली की घरात दोन पक्ष पडतात. ‘इतला मोठा व्हई गया, तरी खेळी ऱ्हायना!’ हा आईचा शेरा. बायको बोलत नाही, झाडते. आणि करडा एक-बाय-दोन सापडेनासा झाला की हा आधी केराची सुपली धुंडाळतो. सगळे त्याला पोरकट म्हणतात. माझं मत उलट आहे. पाटणच्या मंदिराकडे खानदेशात कोणी धड बघत असेल, तर तो हाच.

एरवी आपण पाटणादेवीला जातो म्हणजे काय करतो? चाळीसगाव गाठायचं, दर्शन घ्यायचं, झाडाखाली भरीत-भाकरीचा डबा उघडायचा आणि ऊन उतरलं की परतायचं. मंदिराची भिंत सरळ आहे की कोनाकोनांनी मोडत गेलेली, हे विचारलं तर निम्मे लोक वर आभाळाकडे बघतील. ब्लॉकवाल्याला ही चैन परवडत नाही. भिंत कुठे पुढे येते, कुठे आत जाते, हे मोजल्याखेरीज त्याचा पहिला थरच बसत नाही. म्हणून त्याच्या मोबाइलात घरच्यांचा एक फोटो आणि जोत्याचे ढीगभर. शिवाय ज्याला आपण हेमाडपंती म्हणतो त्या बांधकामात दगडाला दगड खाचेत बसवलेला, मध्ये चुना नाही. आणि डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९५८ साली पेटंट घेतलेली वीटही नुसत्या पकडीवरच उभी राहते. म्हणूनच या पंथात फेविक्विक लावणाऱ्याशी कोणी रोटीबेटी करत नाही. आणखी एक पुरावा पाटणचाच आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, तसा शके ११२८चा शिलालेख आहे. त्या ग्रंथांतल्या ‘लीलावती’त चितिव्यवहार म्हणून एक प्रकरणच आहे: विटांच्या राशीचं घनफळ काढायचं, त्याला एका विटेच्या घनफळाने भागायचं, विटा किती लागतील ते कळतं. म्हणजे पाटणला बसून विटा मोजणं हा एकेकाळी अभ्यासक्रम होता. आज तेच केलं तर माणूस रिकामटेकडा.

आता आक्षेप. पहिला पैशाचा. ब्लॉक महाग आहेत, हे मान्य. पण जळगावच्या सराफ बाजारातून बाहेर पडणाऱ्याला कोणी उधळ्या म्हटल्याचं ऐकिवात नाही, आणि तिथली खरेदी तर कपाटात जाऊन बसते, कोणी मोजतही नाही. दुसरा आक्षेप, हे परदेशी प्लास्टिक. दिवाळीचा मातीचा किल्ला तो आपला. किल्ला आपला खराच, पण ज्या शहराच्या एमआयडीसीतून प्लास्टिकच्या चटया आणि पीव्हीसी पाइप देशभर जातात, तिथे प्लास्टिकला परकं ठरवणं जरा धाडसाचं आहे. तिसरा आक्षेप मात्र भारी आहे: चौकोनी ब्लॉकातून कोरीव मंदिर उतरणार कसं? पूर्ण उतरत नाही. मूर्तीच्या जागी बरेचदा ट्रॅफिक पोलिस उभा करावा लागतो. पण उतरवण्याच्या धडपडीत माणूस जे शिकतो ते बघा. ब्लॉकवरच्या बटणापासून बटणाचं अंतर आठ मिलिमीटर, पातळ पट्टीची जाडी ३.२, म्हणून पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की उंची बरोबर दोन बटणांच्या रुंदीइतकी भरते, आणि ब्लॉक आडवा फिरवून जोत्याचे बारीक थर काढता येतात. हे ज्याला साधलं, त्याला खऱ्या जोत्यावरचा प्रत्येक थर वेगळा दिसायला लागतो. कॅमेऱ्याने हे होत नाही. (रंगाचं दुखणं वेगळंच. काळ्या पाषाणाला करडे ब्लॉक हवेत आणि ते मिळतात अंतराळयानांच्या खोक्यांत; त्यामुळे हा दुकानात यान बघतो आणि मनात त्याचा सभामंडप करतो.)

एक वास्तू मात्र त्याला फुकटात जमते. एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांची ख्याती अशी होती, की एक हलवला की दुसरा हलायचा. याने केलेले मनोरे छताच्या पंख्याखाली कोणी न हलवताच दोन्ही हलतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि घरात पंखा बंद, ही स्थिती घरच्यांनी किती दिवस सोसावी याला काही मर्यादा आहे, एवढा आक्षेप मला मान्य आहे.

धुळेकर गडी बहुधा साक्री तालुक्यातलं बळसाणे निवडतो. तिथल्या पुरातन मंदिरांची पडझड झालेली आहे, तेव्हा प्रश्न येतो: मूळचं कल्पून अख्खं उभं करावं, की आज दिसतं तसं? करडे ब्लॉक संपत आले की याची इतिहासनिष्ठा जागी होते आणि तो ठणकावून सांगतो, जे पुराव्यात नाही ते आपण रचणार नाही. भूमिका पुरातत्त्वाच्या दृष्टीने बिनतोड आहे. अडचण एवढीच, की सरळ भिंतीला मोठे ब्लॉक चालतात आणि ढासळलेल्या कडेला एका बटणाचेच लागतात, तेही मूठ-मूठभर. दोन दिवसांत तो पुन्हा दुकानाच्या काचेपाशी, आणि या खेपेला तर पोराचा वाढदिवसही जवळपास नसतो.